बाईंच्या ओठांपासून दोन बोटं

हॅलो. हॅलो. मागच्या रांगेत ऐकू येतंय का?

मी एक जुना मायक्रोफोन आहे. सगळे मला माईक म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. मित्रांनो, बोलताना मध्येच माझा आवाज तुटला तर उठून जाऊ नका. गळ्यापाशी माझी वायर सैल झाली आहे. अवघड जागा आली की ती हमखास दगा देते.

एक.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला जोडलं. एकीने कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा पत्रा माझ्या छातीत बसवला. आवाज आला की तो थरथरतो आणि ती थरथर वायरीतून पुढे जाते. एवढंच माझं काम. माझ्यापाशी काही साठत नाही. तिने वर चंदेरी जाळी घट्ट केली, हलकेच फुंकर मारली आणि शेजारणीला म्हणाली, "हा जरा हळवाच निघालाय गं." टेबलभर हशा पिकला. मला ते कौतुक वाटलं.

तिथून मी एका हॉटेलच्या हॉलमध्ये आलो. दर रविवारी दुपारी तिथे जॅझ चालायचं. मागे पियानो, ड्रम आणि बास नावाचं माणसाहून उंच तंतुवाद्य. पुढे मी. आणि माझ्यासमोर बाई.

बाई म्हणजे आमच्या गायिका. पहिल्या दिवशी त्या माझ्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्या, तरी माझा पत्रा आता फाटतो की काय असं मला वाटलं! जॅझमध्ये चाल ठरलेली असते, पण ती कुठे वळवायची हे गाणाऱ्याने ऐन वेळी ठरवायचं असतं. बाईंनी एक ओळ दोनदा सारखी कधी गायली नाही. मध्येच गप्प व्हायच्या. हॉलमधले चमचेसुद्धा थांबायचे. मग भलत्याच दाराने घरात यावं तशा त्या पुढच्या ओळीत शिरायच्या.

पियानोवर मास्तर असत. बँड त्यांचाच.

"आली आमची दीडशहाणी," ते म्हणत. "बाई, आज कुठे नेऊन सोडणार आम्हाला?"

"ते आधी कळलं असतं तर घरीच नसते का बसले, मास्तर?"

बाईंची लेक तेव्हा लहान होती. स्टेजच्या पायरीवर बसून ती आईची गाणी ओठांत पुटपुटायची. आईच्या श्वासाबरोबर तिचाही श्वास वर जायचा.

दोन.

लोक टाळ्या वाजवत. बाईंचे फोटो निघत आणि प्रत्येक फोटोत मी असे. कधी त्यांच्या हनुवटीआड, कधी गालापाशी. कार्यक्रम संपला की बाई रुमालाने माझी जाळी पुसत आणि म्हणत, "दमलास ना रे?" असं मला दुसऱ्या कुणी कधी विचारलं नाही.

मग बाई माझ्या जवळ येऊ लागल्या.

प्रेमाने येतात, असं मला वाटलं. हातभर अंतर होतं, ते वीतभर झालं. मग दोन बोटं. माईकच्या जवळ गेलं की बारीक आवाजही भरदार होतो, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांचा आवाज विरत चालला होता आणि ते झाकायला त्यांना मी हवा होतो. कानही मंदावले होते. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की बाई आता प्रत्येक गाणं दर वेळी तसंच गातात. तीच वळणं, तेच श्वास. वळायला दम लागतो, मित्रांनो.

एक.

हो, पुन्हा एकच. माईक तपासणारे एक, दोन म्हणतात आणि परत एकवर येतात. तीनपर्यंत गेलेला माणूस मी पाहिलेला नाही.

त्या दिवशी हॉल रिकामा होता. मी स्टेजवर उभा होतो. मास्तर आणि लेक पियानोपाशी बोलत होते. लेक आता चांगली मोठी झाली होती.

"हॉटेलचा मॅनेजर म्हणतोय, पुन्हा परवासारखा आवाज फाटला तर दुसरी बाई आणा," मास्तर म्हणाले.

"मग आईला सांगा ना सरळ."

"मी सांगू? तुझी आई आहे. तू सांग."

"मला नाही जमायचं. गाणं गेलं तर ती जेवायचीसुद्धा नाही."

"मग मला तरी कुठून जमणार? तीस वर्षं वाजवतोय तिच्यामागे."

सांगायचा धीर दोघांनाही झाला नाही, म्हणून त्यांनी युक्ती काढली. स्टेजमागच्या पडद्याआड दुसरा माईक लावायचा. लेकीने तिथून गायचं. माझं बटण बंद ठेवायचं. बाई हल्ली एकच एक तऱ्हेने गातात, तेव्हा लेकीला सगळं पाठच होतं. आवाज तर सख्खा.

पुढच्या रविवारी बाई माझ्यात गायल्या आणि माझ्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं. पत्रा थरथरत होता, पण आवाज माझ्यापाशीच संपत होता. हॉलमध्ये भरून राहिला तो लेकीचा गळा. ड्रमच्या दणक्यात बाईंना ते कळलं नाही. टाळ्या मात्र कळल्या. कितीतरी दिवसांनी लोक उभे राहिले होते.

"पाहिलंत मास्तर?" बाई म्हणाल्या. "मी अजून आहे!"

मास्तर पियानोचं झाकण पुसत राहिले.

दोन.

टाळ्यांनी माणसाला बळ येतं. बाई महिनाभरात सुधारल्या. नीट जेवू लागल्या, जुना निळा झगा पुन्हा घालू लागल्या. आणि चौथ्या रविवारी, एका संथ गाण्यात, त्यांना कितीतरी वर्षांनी ती जुनी हुक्की आली. ओळ अर्ध्यावर सोडायची आणि गप्प व्हायचं. मला ते आधी कळलं. त्यांचा श्वास बदलला होता. मी आतल्या आत ओरडत होतो, नको बाई, आज नको.

बाई थांबल्या. आणि

खर्रर्र

माफ करा. वायर. सांगतो.

बाई थांबल्या आणि गाणं थांबलं नाही.

त्यांचाच आवाज, त्यांच्याशिवाय, ठरलेल्या वळणाने हॉलभर चालत राहिला. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग त्यांनी ओठ हलवायला सुरुवात केली. लेक लोकांसमोर उघडी पडू नये, म्हणून उरलेलं सगळं गाणं त्यांनी नुसत्या ओठांनी म्हटलं. माझ्या जाळीवर फक्त उबदार श्वास येत होता.

वाकून नमस्कार केला आणि मला स्टँडवरून ओढत त्या पडद्याआड गेल्या. माझी वायर सैल झाली ती तेव्हा.

"आई," लेक म्हणाली. दुसरा माईक तिने छातीशी धरला होता.

"बाई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." मास्तर पुढे आले.

"मग? नाही वाटलं का?"

बाईंनी लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "वरच्या सुराला श्वास चोरतेस. माझीच खोड. ती तेवढी घ्यायची नव्हतीस, पोरी."

त्यानंतर बाई लोकांसमोर गायल्या नाहीत. मास्तरांनी विनवूनही लेक स्टेजवर आली नाही. आता ती बसस्थानकावर गाड्या पुकारते. काचेच्या खोलीतून तिचा आवाज सगळ्या फलाटांवर जातो. सुरेल आहे. पण कुणी मान वर करून बघत नाही.

तीन.

बाईंनी मला घरी आणलं. मी कपाटात एका लोकरीच्या मोज्यात असतो. वायर कशालाच जोडलेली नाही. सुट्टीच्या दुपारी बाई मला बाहेर काढतात, पुसतात आणि ओठांपासून दोन बोटांवर धरून गुणगुणतात. लेक शेजारी कपड्यांच्या घड्या घालते. ओठांत तीही गात असते, तिला ते कळतसुद्धा नसावं. मागच्या वेळी बाई ओळीच्या अर्ध्यावर थांबल्या. लेकीच्या हातात टॉवेल तसाच राहिला. पडद्याआड ती थांबली नव्हती, आता थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुढची ओळ कुणीच घेतली नाही. बाईंनी मला मोज्यात ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवा, ओल लागू देऊ नका, हे मी सांगायला हवं. पण माझं मागणं वेगळं आहे. कुणाचा आवाज बंद करायची वेळ आलीच, तर पडद्याआडून करू नका. समोर या. अगदी जवळ, दोन बोटांवर या, आणि सांगा. त्याला रडू येईल. येऊ द्या. पण कुठे थांबायचं, ते त्याचं त्याला

खर्रर्र

ठरवू द्या.