कॉली-बकी

आमच्याकडे स्कॉटलंडात पाठंगुळीला कॉली-बकी म्हणतात. माझ्या माहेरी, शेतीच्या मुलखात, ती फक्त पोरांना मिळायची. लग्न होऊन मी या किनाऱ्यावर आले, आणि दुसऱ्याच पहाटे नवरा म्हणाला, "चल बेल, कॉली-बकी दे." मला वाटलं, स्वारी लाडात आली. मी लाजले.

सासूबाई दारातून ओरडल्या, "लाजतेस काय? परकर खोच वर! इथं धक्का आहे का होडीत चढायला? पाय भिजले तर दिवसभर ओल्या लोकरीत कुडकुडेल तो. त्याचा बाप असाच छातीच्या दुखण्यानं गेला."

"आणि माझे पाय?"

"तुझ्या पायांना काय धाड भरलीय? तू घरीच येणार आहेस, चुलीपाशी."

चुलीपाशी कसली! गळांना लावायचे शिंपले सोलत बसवलं ते संध्याकाळपर्यंत.

किनाऱ्यावर सगळ्याच बायका नवऱ्यांना पाठीवर घेऊन पाण्यात शिरत होत्या. माझा जेमी सहा फुटी, मी चिमणीएवढी. दहा पावलं गेले आणि दोघंही धपकन पाण्यात बसलो. सगळा किनारा खो खो हसला. जेमी खारं पाणी थुंकून म्हणाला, "उद्या पुन्हा." त्यानंतर मी त्याला कधीच पाडलं नाही. पुढे धक्का झाला, आणि कॉली-बकी पुन्हा पोरांची झाली.

मागच्या हिवाळ्यात जेमीच्या अंगावरून वारं गेलं. पाय गेले, बोलणं कमी झालं. वसंतात आमच्या मुलाची, अ‍ॅलिकची, नवी होडी पहिल्यांदा निघायची होती. शेजारचे दोघे जेमीला न्यायला खुर्ची घेऊन आले, तर यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "माशाच्या टोपलीसारखं मला गावभर मिरवू नका."

ते गेले. हा आज उठला नाही तर त्या भिंतीकडे बघतच मरेल, हे मला दिसत होतं. मी पलंगाला पाठ लावून बसले.

"कॉली-बकी?"

मग एक हात माझ्या गळ्याशी आला.

जुन्या किनाऱ्यावर, त्या पहिल्या दिवशी हसणाऱ्यांतली म्हातारी इसी ओरडली, "बेल, या खेपेला पाडू नकोस गं!" जेमी माझ्या कानाशी हसला, कित्येक महिन्यांनी. तेव्हा मी त्याच्या वजनानं पडले होते. आता पाठीवर वजनच नव्हतं, आणि मला रडू आवरेना. बरं झालं, त्याला माझं तोंड दिसत नव्हतं.

होडी धक्क्यावरून सुटली. अ‍ॅलिकनं टोपी हलवली, जेमीनं धड राहिलेला हात वर केला. मग म्हणाला, "आता खाली ठेव. पाण्यात."

"वेड लागलं का? पाय भिजतील."

"भिजू देत. मला कुठं आता दिवसभर होडीत बसायचंय?"

मी पाण्यात गुडघे टेकले आणि इतकी वर्षं कोरडे जपलेले ते पाय लाटेत सोडले. दोघंही तिथंच बसलो, पहिल्या दिवशी बसलो होतो तसे. किनारा गप्प होता. हसत होतो ते आम्हीच.