अनवाणी पायांखालची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. मला बोटांनी नाही, पायांनी वाजवतात. माझ्या पाठीवर तेरा लाकडी पट्ट्या आहेत. त्या दाबल्या की पोटातल्या स्पीकरमधून खर्जातला सूर निघतो, इतका खालचा की तो कानाआधी तळपायाला कळतो. पायाची वहाण पायीच बरी, असं म्हणतात. माझंही आयुष्य पायाशीच गेलं, आणि त्याची मला लाज नाही.

मित्रांनो, मला एका सुतारानं घडवलं. त्याचे दोन मुलगे रॉक बँड काढत होते. थोरला बास गिटार वाजवी, धाकटा ड्रम. त्यांचं एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं आणि तेही सात मात्रांत, म्हणजे कुणी नाचायला जावं तर पाय चुकलाच. "कपाट करायला सांगितलं असतंत तर चार पिढ्या टिकलं असतं," असं कुरकुरत म्हाताऱ्यानं मला कपाटासारखंच भक्कम केलं. थोरला हातांनी गिटार वाजवी आणि त्याच वेळी पायांनी मला.

आधी शाळांचे हॉल, मग मोठमोठी मैदानं, मग पुन्हा हॉल. गायक तीन झाले, कीबोर्डवाले चार. कुणी भांडून गेला, कुणी संसाराला लागला, एकाला तर गाणं संपायच्या आत कंटाळा आला. एकतीस वर्षं टिकलो ते दोघे भाऊ आणि मी. वर्तमानपत्रात माझा फोटो एकदाच आला, तोही थोरल्याच्या बुटांसकट.

बँडच्या बाविसाव्या वर्षी थोरल्यानं ते बूट काढले. लोकांना वाटलं, कलाकाराची लहर. खरं कारण मला एकटीला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ड्रमशेजारी उभं राहून त्याचे कान गेले होते. धाकट्याचा मोठा ड्रम वाजला की स्टेजच्या फळ्या हादरत, तो हादरा माझ्या लाकडात चढे आणि थोरला अनवाणी तळव्यांनी मात्रा मोजी. त्यानं या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. बहिरा बासवाला कोण ठेवणार? आणि बँडशिवाय त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. नऊ वर्षं मी त्याचे कान झाले.

मग धाकट्यानं प्रेमापोटी घात केला. थोरल्याच्या पंचावन्नाव्या वाढदिवशी कार्यक्रम होता. त्या दुपारी धाकट्यानं माझ्या जागी नवी पेडलं आणली, बॅगेत मावणारी. शिवाय पाय दुखू नयेत म्हणून उभं राहायला जाड रबरी चटई.

"दादा, किती वर्षं कंबर मोडून घेणार? ही एका हातानं उचल. जाऊ दे आता ते धूड."

नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. थोरला त्याच्या ओठांकडे बघत म्हणाला, "छान आहे रे."

मी पडद्याआड रिकाम्या खोक्यांजवळ पडले होते. शेवटच्या गाण्यात मधेच सगळे थांबतात, नुसता ड्रम चालतो आणि चौदा आवर्तनांनंतर सगळ्यांनी एकदम उचलायचं असतं. रबरातून हादरा चढला नाही. थोरल्यानं एक मात्रा आधी उचललं आणि डोळे मिटून तसाच, एका मात्रेनं पुढे, शेवटपर्यंत वाजवत राहिला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काहीतरी नवं अवघड बसवलंय.

धाकटा त्याच्या मागोमाग आत आला.

"दादा, झोपला होतास का? दादा! तुझ्याशी बोलतोय मी!"

थोरला शांतपणे वायर गुंडाळत राहिला. धाकट्यानं आणखी दोनदा हाक मारली. मग तो समोर जाऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "कधीपासून?"

"पेटी होती तोवर चालत होतं रे," थोरला म्हणाला.

बँड अजून चालू आहे. नवा बासवाला चांगला आहे म्हणतात. मी थोरल्याच्या घरी दाराशी असते आणि माझ्यावर चपला ठेवतात. दोन पट्ट्या तुटल्यात, स्पीकर केव्हाच गेला. सुरुवातीला धाकटा यायचा, माझ्या कडेवर मुठीनं सात मात्रा वाजवायचा आणि थोरला माझ्यावर पाय ठेवून हसायचा. पुढे दौरे वाढले, येणं कमी झालं. गेल्या वर्षात तो एकदाही आलेला नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवा असं मी म्हणत नाही. जुनं लाकूड आज ना उद्या चुलीतच जायचं. पण घरातलं कुणी हाकेला वळलं नाही, तर रागावण्याआधी समोर जाऊन उभे राहा. आणि एकदा कळलं की जात राहा.

संध्याकाळी थोरला चपला बाजूला सारतो आणि माझ्यावर अनवाणी पाय ठेवून बसतो. रस्त्यावरून एखादा जड ट्रक गेला की माझं लाकूड थरथरतं. तो चटकन दाराकडे बघतो आणि मोजायला लागतो. ट्रक सातापर्यंत कधीच पुरत नाही.