शनिवारची ताडपत्री

तनया एरवी शनिवारी यायची. या खेपेला ती शुक्रवारीच वडपे गावातल्या गोदामाच्या आवारात पोचली आणि तिचं डोकंच सणकलं. तिच्या पेरोव्हस्काइट नावाच्या नव्या पदार्थाच्या सोलर पट्ट्यांवर निळी ताडपत्री होती, चारी कोपऱ्यांना विटा ठेवून!

या पट्ट्या ऊन झकास पितात, पण ओल लागली की पिवळ्या पडून मरतात. तिच्या चिंतामणी सरांनी त्यांवर नवा लेप शोधला होता. तो टिकतो का बघायला पट्ट्या भर पावसाळ्यात उघड्यावर ठेवल्या होत्या. चार महिन्यांत एकही पिवळी पडली नव्हती. सर तर पेढे वाटून मोकळे झाले होते.

"आभाळ आलं की आमी समदा माल झाकतो," गोदामाचे मालक बाळारामशेठ कौतुकानं म्हणाले. "तू येतेस म्हनून शनवारी सकाळी काढून ठेवतो. भिजला तर खराब व्हतो ना, पोरी?"

त्यांच्यावर काय चिडणार? तिनं सरांना फोन लावला, स्पीकरवर.

ताडपत्रीचं सगळं सांगून टाकलं. सर लाडिक आवाजात म्हणाले, "अगं, अहवाल गेलाय. सोमवारी लेप विकत घेणाऱ्या कंपनीची माणसं बघायला येतायत. तोवर झाकू देत की. ताडपत्रीचं कुठे बोलू नकोस."

तनयाला शिसारी आली. याच माणसाच्या पाया पडून तिनं पीएचडी सुरू केली होती.

बाळारामशेठ फोनकडे वाकले. "झाकतो की, साहेब. पन लोकांच्या घरांवर बसवाल, तवा झाकायला कोन जानार?"