लाट कुणाची

दुकानामागची खोली पोरांच्या बँडला वाजवायला देण्यात रेडिओवाल्याचा फायदा एकच होता: धाकटा मुलगा डोळ्यांसमोर राहणार होता. थोरला जहाजावर गेला तो पत्रापुरताच उरला. धाकट्याने सतराव्या वर्षी ड्रम बडवून घर डोक्यावर घेतलं तरी चालेल, पण बंदराकडे फिरकायला नको.

म्हणून त्याने त्यांना गिटारचा आवाज घुमवणारी एक पेटीही करून दिली. आत जुन्या दारांच्या स्प्रिंगा. गिटारचा आवाज तिच्यातून पाण्यात भिजून आल्यासारखा निघे. गाणारं कुणी नव्हतंच.

"बरंय," तो म्हणे, "शब्द तरी चुकायचे नाहीत."

वर्षभरात गावात कुठलाही कार्यक्रम असो, ही चौकडी हजर. मग रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला.

"सर्फ रॉकची हवा आहे, काका, समुद्राच्या लाटांसारखी वाजणारी गिटार. ही तिघं नेतो, पेटी नेतो. ड्रमवर आमचा माणूस बसेल."

"आणि आमचा?"

"लय जरा पळते हो त्याची."

गिटारवाला दोस्त बुटांकडे बघत राहिला. धाकटाच म्हणाला, "द्या पेटी, बाबा. त्यांचं कशाला अडवायचं?"

"मग स्प्रिंगा जुळवायला तरी न्या याला," रेडिओवाला बोलून गेला. तेवढंच त्याचं चुकलं.

रेकॉर्डिंगला धाकटा पेटीशेजारी जमिनीवर बसला. त्याने बसवलेला ठेका दुसराच वाजवत होता. निम्म्यात त्याला बसवेना. तडक उठला आणि पाय पेटीला लागला. धडाड!

"राहू दे ते!" कंपनीचा माणूस खूश झाला. "लाट फुटल्यासारखं वाटतंय!"

गाणं घरोघरी पोचलं. तिघांचे फोटो छापून आले. तिसऱ्या आठवड्यात धाकटा जहाजावर चढला.

"इंजिनाजवळ फार आवाज असतो म्हणे, बाबा. बरंच आहे."

पुढे दुकानात शाळेतल्या बाई रेडिओ घेऊन आल्या. "अहो, ते नवं गाणं लागलं की मध्येच धडाड होतं. एरवी ठीक असतो. स्पीकर गेलाय का?"

आठवड्यातली ही चौथी तक्रार.

"रेडिओ ठणठणीत आहे, बाई. वाजवताना कुणाचा तरी पाय लागलाय."

"इश्श! आणि तसंच ठेवलं? कोण हो असा वेंधळा?"

रेडिओवाल्याने बटण उगाच फिरवून पाहिलं. "ठेवून जा. उद्या न्या."

बाई गेल्यावर त्याने तक्रारीचे चारही रेडिओ एका ओळीत मांडून चालू केले आणि स्टूल ओढून ते गाणं लागायची वाट बघत बसला. कंपनीला लाट मिळाली, तिघांना नाव. त्याच्या वाट्याला ते धडाड आलं, तेही लोकांच्या रेडिओतून, उद्यापर्यंत.