श्रीखंडाशेजारची लस

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. एका दाराचा, मूळचा फिकट निळा, नंतर पांढरा रंगवलेला आणि आता दोन्ही रंगांचे पोपडे अंगावर घेऊन उभा असलेला. हल्ली माझ्या पोटात ब्लाऊजपीस ठेवतात, कारण मला उंदीर कुरतडू शकत नाहीत. पण उमेदीची चौदा वर्षं मी जुन्नरमधल्या जनावरांच्या एका दवाखान्यात काढली आणि तिथे मी भरपूर जनावरं पाहिली, भरपूर माणसं पाहिली. जनावरांबद्दल माझं मत चांगलं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा दाबला, नळ्या बसवल्या, दाराला रबर लावलं. शेवटी एका कामगाराने माझं दार तीनदा उघडून मिटलं, आत हात घालून गारवा पाहिला आणि पाठीवर खडूने खूण केली. माझी परीक्षा एवढीच झाली. पुढे मला कळलं, की माणसं आपल्या कुत्र्या-मांजरांसाठी डॉक्टर निवडताना तेवढीही परीक्षा घेत नाहीत.

१९९२ साली मला सावळाराम डॉक्टरांनी आणलं. जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानाला लागून त्यांची दोन खोल्यांची जागा होती. भिंतींना चुना, बसायला एक करकरणारं बाकडं, तपासायच्या टेबलावर जस्ताचा पत्रा. गाई-बैल ते दारातच तपासत, कुत्री-मांजरं टेबलावर घेत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पोटात तापमापक टांगला. त्यांच्या पत्नी साळुबाई दह्याचं पातेलं घेऊन आल्या तेव्हा ते माझ्यासमोर आडवे उभे राहिले.

"ह्यात दही ठेवायचं नाही."

"एक वाटी ठेवते."

"वाटीही नाही. वाटीसाठी दार दहा वेळा उघडेल. लसीला दोन ते आठ अंशच लागतात. तापली की ती पाणी, आणि गोठली तरी पाणीच. टोचल्यावर कुत्र्याला काही सांगता येत नाही, आणि त्याच्या मालकाला काही कळत नाही. म्हणून आपणच सांभाळायचं."

साळुबाई महिनाभर माझ्याकडे बघत नव्हत्या. पण दही काही आत आलं नाही. वीज गेली की डॉक्टर बर्फ आणून लसी थर्मासच्या पेटीत हलवत. कधी वीज फार वेळ गेली आणि शंका आली, तर आख्खा डबा फेकून देत.

अशा माणसाकडे रांग लागायला हवी होती. तशी ती कधी लागली नाही. लोकांना त्यांचं बाकडं खटकायचं. त्याहून जास्त त्यांचं एक वाक्य खटकायचं. खोकणारं कुत्रं तपासून ते म्हणत, "आज नक्की सांगता येत नाही. परवा परत आणा." बाहेर पडल्यावर लोक एकमेकांना म्हणत, ह्यांना काही कळत नाही बहुतेक. ज्याला सगळं लगेच कळतं असा डॉक्टर त्यांना हवा होता. तो त्यांना लवकरच मिळाला.

२००१ साली सावळाराम डॉक्टरांचे गुडघे गेले. दवाखाना कुंडलिक डॉक्टरांना देऊन ते आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला राहायला गेले.

कुंडलिक डॉक्टरांनी महिनाभरात जागेचा नूर पालटला. काचेचं दार आलं, चकचकीत फरशी आली, बसायच्या खोलीत एसी आला. भिंतीवर विलायती कुत्र्यांचे फोटो लागले आणि त्यांच्या मधोमध डॉक्टरांची पदवी, दारातून दिसेल एवढ्या मोठ्या चौकटीत. कोपऱ्यात रंगीत माशांची काचेची पेटी आली. त्या पेटीतले मासे दर महिन्याला मरायचे आणि दर महिन्याला नवे यायचे. पेटीतला मासा ज्याला जगवता येत नाही, त्याच्याकडे लोक आपली कुत्री घेऊन नंबर लावून बसायचे आणि ते मासे बघत आपला नंबर येण्याची वाट पाहायचे.

मलाही पांढरा रंग दिला. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. कुणी म्हणालं, "नवा फ्रिज वाटतं?" की माझा कॉम्प्रेसर सुखाने गुरगुरायचा. त्या दिवसांत मीही थाटाला भुलणाऱ्यांतलाच एक होतो.

मग माझ्या पोटातला तापमापक निघाला, कारण तो श्रीखंडाच्या डब्याला आडवा येत होता. डब्यामागे थंड पेयाच्या बाटल्या आल्या, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. लसींच्या बाटल्या मागे, कोपऱ्यात सरकल्या. काही तर वरच्या बर्फाच्या कप्प्यात गेल्या आणि दगडासारख्या गोठल्या. त्यातच लोडशेडिंगची वर्षं आली. दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास वीज नसे. एसीसाठी जनरेटर होता. मला त्यावर जोडायचं कुणाला सुचलं नाही. मी तापायचो, पाझरायचो, वीज आली की पुन्हा गार व्हायचो. श्रीखंड आंबट झालं तर कुंडलिक डॉक्टर ते चाखून फेकून देत. लस चाखून बघत नाहीत. ती तशीच टोचली जायची.

२००६ सालचा मे महिना होता. सकाळपासून वीज नव्हती. शेजारच्या कापडाच्या दुकानाचे मालक नेमीचंद शेठ आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला, जागृतीला घेऊन आले होते. तिच्या मांडीवर दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू होतं, पांढरं, एक कान काळा. त्याचं नाव फेणी. नेमीचंद शेठ माणूस सज्जन. पाण्याबरोबर एखादा जीव पोटात जाऊ नये म्हणून घरात पाणी गाळून पिणारे. गिऱ्हाइकाला कापड दाखवताना ते उलटं-सुलटं करून, दोन बोटांत चोळून मगच त्याबद्दल बोलणारे. पण हा दवाखाना त्यांनी कसा निवडला? भिंतीला भिंत लागून होता आणि फरशी चांगली होती.

त्यांच्या शेजारी आणे गावची अंजना बसली होती. दुधाच्या टेम्पोतून आली होती. पायाशी दोरीला बांधलेलं मोठं तांबडं कुत्रं. गावच्या पठारावर एक पिसाळलेलं कुत्रं फिरत होतं, त्याने दोन शेळ्या फाडल्या होत्या. म्हणून राखणीच्या कुत्र्याला वेळेवर लस टोचून घ्यावी एवढ्यासाठी ती इतक्या लांब आली होती.

तिचा नंबर आधी लागला. कुंडलिक डॉक्टरांनी माझं दार उघडलं. श्रीखंडाच्या डब्यावरून हात घालून त्यांनी बाटली काढली. अंजना मागेच उभी होती. तिने विचारलंही नाही, सरळ माझ्या पोटात हात घातला.

"डॉक्टर, ह्यो गार न्हाई."

"लाइट नाहीये ना बाई. येईल आता."

"सकाळधरनं नाय लाइट. मग हे औषध सकाळधरनं असंच हाय व्हय?"

"अहो, बंद फ्रिज गारच असतो. तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

"मी रोज धा लिटर दूध घालते डेअरीला," अंजना म्हणाली. "गार कशाला म्हनत्यात यवढं कळतं. अन् ह्यात तुमी खायाचं बी ठेवताय."

बसलेली मंडळी हसली. नेमीचंद शेठही हसले. कुंडलिक डॉक्टर पदवीच्या चौकटीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे वाचता येतं का?"

"न्हाई येत," ती म्हणाली. "मला ह्यो फ्रिज दिसतोय."

तिने कुत्र्याची दोरी ओढली आणि ती निघाली. काचेचं दार कसं उघडायचं ते तिला पटकन समजलं नाही, त्यावरही लोक हसले. जागृती तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

पुढचा नंबर फेणीचा होता. श्रीखंडामागचीच, तितकीच कोमट दुसरी बाटली काढून तिला टोचली गेली.

अंजना जुन्नरहून सरळ घोडेगावला गेली, जुन्या ओळखीच्या सावळाराम डॉक्टरांना शोधत. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः मंचरहून बर्फाच्या पेटीत लस आणून तिचं कुत्रं टोचलं. हे मला पुढे आण्याहून आलेल्या एका माणसाच्या बोलण्यातून कळलं. पावसाळ्यात असंच आणखी एक पिसाळलेलं कुत्रं तिच्या गोठ्यात शिरलं. तांबड्याने त्याला अडवलं, त्याचे चावेही सोसले. अंजनाने त्याच संध्याकाळी त्याला पुन्हा लस द्यायला नेलं. तांबड्या वाचला.

फेणी वाचली नाही. तीन आठवड्यांनी तिला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण. कुत्र्याच्या पिल्लांना होणारा हा आजार फार वाईट असतो, आणि त्यावरचीच लस तिला दिलेली होती. दोन दिवस ती त्याच टेबलावर सलाईन लावून पडली होती. जागृती तिच्या काळ्या कानावर बोट फिरवत बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं.

"ही जातच नाजूक असते शेठ," कुंडलिक डॉक्टर हात धुताना म्हणाले. "पुढच्या वेळी मी तुम्हाला चांगलं पिल्लू मिळवून देतो."

जागृती उठली, माझ्यापाशी आली आणि तिने दार उघडून आत हात घातला. तेव्हाही वीज नव्हती. तिने हात तसाच ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं.

"पप्पा, त्या मावशी बरोबर बोलत होत्या. तुम्ही हसलात."

त्यानंतर ती आठ दिवस वडिलांशी बोलली नाही. नवव्या दिवशी नेमीचंद शेठ घोडेगावला गेले आणि सावळाराम डॉक्टरांना गाडीत घालून घेऊन आले. जागृती सोबत होती. म्हातारे डॉक्टर काठी टेकत आत आले. सगळी खोली ओलांडून ते माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी मला उघडलं. श्रीखंड बाजूला केलं, केक बाजूला केला, बर्फाच्या कप्प्यातली गोठलेली बाटली काढून हातात धरली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"सर, काळ बदललाय," कुंडलिक डॉक्टर म्हणाले. "लोकांना आता सर्व्हिस लागते."

सावळाराम डॉक्टर बाटली हातात घेऊन वळले. ते जागृतीशी बोलले.

"बाळ, तुझं पिल्लू ह्याच्यामुळेच गेलं असं मी छातीठोक सांगणार नाही. लस उत्तम असली तरी एखादं जातं. पण ही बाटली मी माझ्या कुत्र्याला टोचणार नाही."

"मग आम्हाला आधी कुणी सांगितलं का नाही?" नेमीचंद शेठ म्हणाले.

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

शेठनी त्या बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण डॉक्टर, दवाखाना ह्यांच्या हाती तुम्हीच दिलात."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "हो," ते म्हणाले. "मीही फक्त पदवीच बघितली."

तुम्हाला वाटेल, ह्यानंतर लोक शहाणे झाले असतील. पेठेत दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी कुंडलिक डॉक्टरांनी दोन दारांचा नवा फ्रिज आणला आणि आठवड्यात बाकडी पुन्हा भरली. काय सुंदर फ्रिज आहे, असं लोक म्हणू लागले. त्याचं दार उघडून कुणी बघितलं नाही. मला मागच्या बोळात काढून ठेवलं. नेमीचंद शेठनी मला तिथून उचलून दुकानात आणलं, ते ह्या ब्लाऊजपीससाठी.

त्यामुळे पुढचं मला जागृतीच्या तोंडून ऐकायला मिळालं. वर्षाने तिने गल्लीतलं एक पिल्लू उचलून आणलं आणि त्याच्यासाठी डॉक्टर शोधायला वडिलांना घेऊन चार ठिकाणी गेली. सगळीकडे एकच विचारलं, "लसी कुठे ठेवता ते दाखवाल का?" एकाने हाकलून दिलं. एकाने विचारलं, तू शाळेत जात नाहीस का? तिसऱ्याने उद्या या म्हणून सांगितलं. चौथी डॉक्टरीण होती. तिचा दवाखाना एका गोदामाच्या मागच्या बाजूला, खुर्च्या दोनच, त्यातली एक मोडकी. तिने लगेच फ्रिज उघडला, तापमानाची वही पुढे केली आणि म्हणाली, "लाइट जास्त वेळ गेली की मी लस देत नाही. लोक चिडतात, पण नाही देत." पिल्लाच्या पायावरची गाठ पाहून ती असंही म्हणाली, की ही कशाची ते मला आज सांगता येत नाही. जागृतीने तिथेच पिल्लाचं नाव नोंदवलं.

मित्रांनो, तुमचं कुत्रं दवाखाना निवडू शकत नाही. त्याला फरशी कळत नाही, फोटो कळत नाहीत, पदवी वाचता येत नाही. त्या बाबतीत ते तुमच्यापेक्षा पुष्कळ बरं. पण त्याला टेबलावर तुम्ही ठेवता. तेव्हा विचारा. दार उघडायला सांगा. राग आला तर येऊ द्या. जो डॉक्टर एवढ्याने रागावतो त्याच्याकडून तुम्हाला हवं ते कळलेलंच असतं. लोक हसतील. हसणाऱ्यांत मी शहाणा माणूस अजून पाहिलेला नाही.

मागच्या आठवड्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं. बायकोला साडी दाखवणं चाललं होतं आणि त्याच्या कडेवर एक तपकिरी पिल्लू होतं. तो कौतुकाने सांगत होता, शेजारीच जायचंय, पहिलं इंजेक्शन. काय थाट आहे हो त्या दवाखान्याचा, दोन दारांचा फ्रिज आहे.

चौदा वर्षांची जागृती हिशेबाच्या गादीवर अभ्यास करत बसली होती. तिने मान वर केली.

"त्याच्या आत काय असतं, काका?"

"आत?" तो हसला. "ते कोण बघतं?"

जागृतीने पुस्तक मिटलं आणि पायात चपला घातल्या.

"चला," ती म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर."