गेन्पाचीने दाबलेलं बटण

मेलेल्या माणसाला दारुडा म्हणायला काय जातं? तो थोडाच उलटून बोलणार! माझ्या नवऱ्याला, तोकुझोला म्हणाले. "पिऊन झोपला असेल सुकाणूवर. नाहीतर बुडताना एक हाक मारली नसती का?" हे मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत, माझ्या देखत, चहाचे घोट घेत. आणि त्याच कचेरीत वायरलेसवर बसते मी! त्या दिवशी हाक का आली नाही, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? दुपारभर चॅनलवर नुसती इंजिनाची घरघर होती; मध्ये एकदाच क्षणभर तुटली, कुणाचं तरी लांबचं, न कळणारं काही आलं आणि पुन्हा सुरू. कुणीतरी माईकचं बटण दाबून ठेवलं होतं.

बुरी माशांचा थवा सापडला की काही नग हेच करतात. बटणाच्या फटीत जेवायची काडी खुपसायची आणि माईक इंजिनापाशी टांगायचा. सगळं बंदर एकाच चॅनलवर बोलतं, त्यामुळे एकाने अडवला की बाकीचे मुके. थव्याची खबर कुणी कुणाला द्यायची? त्यातून त्या दिवशीच्या नगाच्या यंत्राला चोरून जास्तीचा जोर बसवलेला, म्हणजे दुसऱ्या कुणाचा आवाज वर यायलाच नको.

ती घरघर गेन्पाचीची होती. आमच्या त्सुबुरा बंदरात बायका घरात भांडी घासता घासता नुसत्या इंजिनावरून सांगतात, कुणाची बोट आली ते. गेन्पाचीचं इंजिन मधूनच उचकी देतं, शेंबडं पोरही ओळखेल. मी चेअरमनना सांगितलं, तर म्हणाले, "ताई, उचकी हा काय पुरावा झाला?" आणि तो गेन्पाची! अंत्यविधीला काळा सूट चढवून आला, उदबत्ती लावली, माझ्यापुढे कपाळ टेकवून म्हणाला, "मोठा गुणी माणूस. फक्त ती बाटली तेवढी..." मीही वाकून नमस्कार केला. मनात म्हटलं, थांब मेल्या, तुझ्याच तोंडून वदवून घेते.

रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं आहे, त्याच्या डोक्यावरच बसले मी. शेवटी नागुमो नावाचा अधिकारी आला. बोलायला भारी मऊ. म्हणाला, "लहरी सगळ्यांच्या असतात, ताई. वरच्या शेतकऱ्याने पाट अडवला तर खालची भातं सुकतात. पण अडवताना धरायला हवा ना त्याला."

"मग धरू या की," मी म्हटलं.

एकेका बोटीच्या तांडेलाला मी धक्क्यावर गाठून सांगितलं, उद्या नेहमीचा पहिला चॅनल सोडा, दुसऱ्यावर कान ठेवा. एकट्या गेन्पाचीला वगळलं. म्हातारा हिकोइची तांडेल बोळक्या तोंडाने हसला. "गळ मी टाकतो, ताई. मासा ओळखीचाच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी हिकोइची पहिल्या चॅनलवर ओरडला, "उत्तरेच्या खडकाला बुरीच बुरी! या रे पोरांनो—" पुढचं ऐकूच आलं नाही. घरघर सुरू झाली. गेन्पाची खडकाजवळच होता, आणि एकटा. खलाशी कधी घेत नाही तो, वाटा द्यावा लागतो ना!

घरच्यांना बोटींची ख्यालीखुशाली कळावी म्हणून धक्क्यावर सोसायटीचा भोंगा आहे. तो मी पुरता मोठा केला. मासे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. "अगं बाई, हा तर गेन्पाची!" तिकडे भूशिरावर खात्याची गाडी उभी होती, तिने आवाजाची दिशा पकडली. त्याला धरायला गस्तीची बोट निघाली.

तेवढ्यात वादळी वाऱ्याचा इशारा आला. मी तो दुसऱ्या चॅनलवर दिला आणि सगळ्या बोटी माघारी फिरल्या. शेजारी बसलेल्या नागुमोचा चेहरा उतरला. "आणि त्याला?"

"तुम्हीच सांगून बघा. बटण दाबलेल्याला दुसऱ्याचं ऐकू येतं का?"

"ताई, तुम्ही हे..."

"वारा काही मी बोलावला नाही."

थोड्या वेळाने ती उचकी थांबली. मग त्याचाच आवाज आला. "पाणी! इंजिनात पाणी शिरलंय! कुणी आहे का?"

मी माईक उचलला. "त्सुबुरा स्टेशन. ऐकू आलं. गस्तीची बोट येते आहे." अगदी नियमाप्रमाणे, शांतपणे. पुन्हा सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं.

"निघत नाही ही! मोडली! काडी आतच मोडली! अरे, कुणीतरी बोला!" तो रडायला लागला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग त्याची पाचावर धारण बसली. "तोकुझो, तूच ना रे हे बटण धरून बसलायस? मी मध्ये क्षणभर काडी काढली होती, कोण काय बोलतंय ते ऐकायला. तूच हाक मारत होतास. पाणी शिरलंय म्हणालास. पण मासे नुसते उड्या मारत होते रे... मी परत खुपसली. चुकलो, सोड मला!"

त्याने ऐकलं होतं. माझ्या नवऱ्याची हाक त्याने ऐकली होती! गस्तीच्या बोटीला "परत फिरा, तो सापडला" एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. माईकच्या बटणावर बोटही गेलं. पण बुडाला असता तर सुटला असता मेला. मला तो ह्या धक्क्यावर, ह्या बायकांसमोर उभा हवा होता.

चेअरमन दारात येऊन मान खाली घालून उभे राहिले. "ताई, आम्ही तोकुझोला उगीच..."

"बसा की," मी म्हटलं. "चहा घ्या."

गेन्पाचीला आणलं तेव्हा तो घोंगडीत कुडकुडत होता. त्याच्या बायकोने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि चालू पडली. बाकी कुणी जागचं हललं नाही. नागुमो कागद घेऊन उभा होता, त्याच्याकडे गेन्पाचीचं लक्षच नव्हतं. तो मलाच शोधत होता.

"ताई, मी एवढा ओरडलो, एकानेही उत्तर दिलं नाही. एकानेही!"

"मी देत होते," मी म्हटलं. "सारखी देत होते. तोकुझोलाही दिलं असतं."