पायपेटीवरून उठताना

प्रत्येकाला देवानं एकेक कृपादान दिलं आहे, असा उपदेश पाळकसाहेबांनी रविवारी सकाळी चर्चमध्ये केला, आणि मंडळीच्या पंचकमिटीचं कृपादान संध्याकाळीच उघड झालं: नको ते काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. या खेपेला गळा घड्याळजीचा होता.

"तुमच्याच घरातल्या आहेत. तुम्हीच सांगा," खजिनदार म्हणाले.

"घरातल्या कसल्या? मी जावई आहे त्यांचा!" घड्याळजी कळवळला. पण तोवर बैठकीच्या समारोपाची प्रार्थना सुरू झाली होती.

सांगायचं होतं सासूबाईंना. मंडळीची पायपेटी त्या स्वतःच्या लग्नाआधीपासून वाजवत होत्या. आता बोटं आखडली होती, आणि गीत असं रेंगाळायचं की शेवटच्या कडव्यापर्यंत अर्धे लोक बाकाला टेकलेले असायचे. मागे पडणारी घड्याळं वठणीवर आणण्यात घड्याळजीचा जन्म गेला होता. पण सासूचं मागचं झाकण उघडून बघता येत नाही. त्यातून काही बिनसलंच, तर घरात माणसं तीन आणि त्यातल्या दोघी मायलेकी. मतमोजणी करायची गरजच नव्हती.

त्यानं शनिवारपर्यंत रेटलं. सासूबाई स्वयंपाकघरात बोटांना मलम चोळत बसल्या होत्या. बायको भांडी घासत होती.

"आई, जरा बोलायचं होतं."

"बोला की. तुम्ही 'जरा' म्हणालात, म्हणजे प्रकरण मोठं दिसतंय."

"ती दातांची डॉक्टरीण आहे ना आपल्या मंडळीतली, ती पेटी बरी वाजवते म्हणे."

बायकोनं नळ बंद केला. एवढी शांतता त्या घरात लग्नानंतर प्रथमच झाली.

"म्हणजे मी उठू?"

"नाही, तसं नाही, म्हणजे..."

"अहो, तसंच म्हणा! कुणीतरी म्हणेल म्हणून केव्हाची वाट बघतेय मी." सासूबाईंनी मलमाचं झाकण फिरवलं. "आता लोकांनाही धाप लागते. म्हणून मी हळू घेते, तर ते आणखी हळू. मग मी आणखी हळू."

"आई! ते तुमच्यासाठी थांबायचे!"

सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या त्या पदर तोंडाला लावूनही आवरेनात. "म्हणजे आम्ही सगळे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दारातच उभे होतो तर!"

"मग सोडलं का नाहीस गं?" बायकोनं विचारलं.

हसू थांबलं. "सोडून करू काय? देवानं हातात एवढंच दिलं होतं."

घड्याळजीनं मलमाची डबी उचलून फळीवर ठेवली. सुटलो म्हणावं, तर ते वाक्य काही सुटू देत नव्हतं.

रविवारी डॉक्टरणीनं गीत असं उचललं, की खजिनदारांचं एक कडवं मागेच राहिलं. सासूबाई जावयाशेजारी बाकावर बसल्या होत्या, मांडीवर हात, डोळे मिटलेले. मध्येच त्यांनी त्याला कोपरानं ढोसलं.

"आपल्या सुताराचा खर्ज कुठाय?"

"काय?"

"माझी पाठ असायची लोकांकडे. मी माणसं गळ्यावरून ओळखते. मागच्या रविवारीही नव्हता; मला वाटलं, माझ्याच पेटीखाली दबला असेल."

उपासना सुटताच त्यांनी घड्याळजीच्या हातात आपली पिशवी दिली आणि सुताराचं दार गाठलं. सुतार शिडीवरून पडून गुडघा सुजवून बसला होता. "उगाच कुणाला त्रास नको, म्हणून कळवलं नाही," तो पुटपुटला.

"न कळवून केवढा त्रास दिलास ते बघ! गीताचा तळच पोकळ लागतो तुझ्यावाचून," असं म्हणत सासूबाईंनी शेक द्यायला पाणी तापत ठेवलं. सुतार कितीतरी दिवसांनी हसला असावा. त्याला ते नीट जमेना.

परतताना त्या जावयाच्या पुढे चालत होत्या. "पुढच्या खेपेला मला शेवटच्या बाकावर बसवा, जावईबापू. तिथून सगळ्यांचे गळे लागतात कानाला. आणि उपासनेनंतर मोकळे राहा. कोण आलं नाही ते मी सांगेन, घर तुम्ही शोधायचं."

घड्याळजीनं मोठा श्वास सोडला. गळ्यातलं काम उतरलं होतं आणि हातात पिशवी आली होती. पिशवी परवडली.